फोंताइन्हासवर लिहिता, मग मळा कुठे राहिला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत फोंताइन्हासवर, म्हणजे पणजीतल्या जुन्या पोर्तुगीज तऱ्हेच्या घरांच्या वाड्यावर (वस्तीवर), पानभर लेख आला, फोटो खरंच सुंदर होते, पण वाचून झाल्यावर राहवेना म्हणून लिहितेय. माझं माहेर त्याला लागूनच असलेल्या मळा या वाड्यातलं. तीन पिढ्या भाड्याच्या दोन खोल्यांत काढल्या, मागच्या दाराशी आल्तिनोची टेकडी आणि पावसाळ्यात पुढच्या दाराशी पाणी. "पणजीतलं मिनी लिस्बन" हे हेडिंग वाचून मला वाईट वाटलं, कारण त्या अख्ख्या लेखात मळ्याचं नाव एकदाही आलेलं नाही.

अहो, त्या वाड्याचं नावच मुळी मळ्याच्या पाण्यावरून पडलंय! फोंत म्हणजे झरा, फोंताइन्हास म्हणजे छोटे छोटे झरे, आणि तो झरा आहे आल्तिनोच्या पायथ्याशी आमच्या मळ्यात, फोंत फेनिक्स. माझी आजी तिथून कळशी भरून आणायची, घरात नळ आल्यावरसुद्धा डाळ शिजायला झऱ्याचंच पाणी बरं म्हणायची आणि आम्हा पोरांना पाठवायची. पर्यटक फोंताइन्हासच्या सां सेबास्तियांव चॅपेलसमोरच्या विहिरीपाशी फोटो काढतात आणि मागे फिरतात, झऱ्यापर्यंत येतच नाहीत, कारण कोणी त्यांना सांगतच नाही.

दुसरी गोष्ट, हा वाडा पोर्तुगीजांनी वसवला असं लेखात सरळ लिहिलंय. अठराव्या शतकाच्या अखेरीस इथे माडांचं भाट, म्हणजे बाग, होतं आणि ते उभं केलं आंतोनिओ जुवांव द सिकेरा या गोंयकाराने, तो मोझांबिकात पैसा कमावून परत आलेला म्हणून लोक त्याला मोसमीकार म्हणायचे. बघा ना, टोपणनाव पण कोकणी. पुढे ती जमीन चिंबलच्या कार्मेलाइट जोगिणींकडे (नन्सकडे) आणि मग सरकारकडे गेली. तोवर जुन्या गोव्यात, म्हणजे तेव्हाच्या राजधानीत, साथींनी माणसं मरत होती, लोक शहर सोडत होते, व्हाइसरॉय 1759 मध्ये पणजीला आदिलशहाच्या राजवाड्यात येऊन राहिला होता आणि 1843 मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. राजधानी आली की कचेऱ्या येतात, कचेऱ्यांच्या मागून कारकून, शिंपी, सुतार, पदेर (पाववाले), दुकानदार सगळे येतात, त्यांना राहायला जागा लागते. मोसमीकाराच्या माडांच्या जागी घरं उठली ती अशी. ही मुख्यतः गोव्याच्या माणसांची वस्ती, तऱ्हा पोर्तुगीज पण चिरा, चुना आणि हात इथलेच.

बालकांव (घरापुढचे बसायचे ओटे), शिंपल्यांच्या खिडक्या, निळ्या-पिवळ्या-तांबड्या भिंती यांवर लेखात भरपूर आहे, त्यावर मी आणखी काय सांगू. फक्त रंगाचं एक. पोर्तुगीज काळात पाऊस सरला की दरवर्षी घर रंगवायचा नियम होता आणि पांढरा रंग चर्चसाठी राखलेला, असं आमच्याकडे सगळे जुने लोक सांगायचे. पण नियम असो नसो, गोव्याच्या चार महिन्यांच्या पावसात चुन्याची भिंत शेवाळून काळी पडते, ती रंगवावीच लागते. माझे वडील दसऱ्याच्या आधी स्वतः शिडीवर चढायचे, आणि आज तोच खर्च पेन्शनवर जगणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यावर आहे हे फोटोत दिसत नाही.

सां सेबास्तियांवच्या चॅपेलमधला क्रूस बघायला तर अवश्य जा. त्यावरच्या येशूचे डोळे उघडे आहेत, मान खाली पडलेली नाही. हा क्रूस जुन्या गोव्यात इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाच्या, महालात होता, 1812 मध्ये ते न्यायासन बंद झाल्यावर पणजीच्या आदिलशहाच्या राजवाड्यात आणला आणि 1918 मध्ये या चॅपेलात आला. गोव्याच्या किती लोकांनी, हिंदूंनी पण आणि नवख्रिस्त्यांनी पण, त्या उघड्या डोळ्यांसमोर उभं राहून काय सोसलं असेल, मला तिथे गेलं की दरवेळी पोटात कालवतं. तुमच्या लेखात या क्रूसाबद्दल एक ओळ नाही आणि कॅफेंवर अर्धा रकाना आहे.

आता दोन चुका, त्या कृपा करून दुरुस्त करा कारण पोरं प्रोजेक्टमध्ये हेच उतरवून काढतात. फोंताइन्हास हे युनेस्कोचं जागतिक वारसास्थळ नाही. 1986 मध्ये यादीत गेली ती जुन्या गोव्यातली चर्चेस आणि कॉन्व्हेंट्स. गाईड सांगतात, इंटरनेटवर सगळीकडे आहे, म्हणून ते खरं होत नाही. आणि फोंताइन्हासमधल्या 31 जानेवारी रस्त्याचं नाव पोर्तुगाल स्पेनपासून स्वतंत्र झाला त्या दिवसावरून नाही हो, तो दिवस 1 डिसेंबर 1640. 31 जानेवारी हा 1891 सालचा, पोर्तो शहरात राजेशाहीविरुद्ध प्रजासत्ताकवाद्यांनी बंड केलं तो दिवस. ते फसलं, पण पुढे 1910 मध्ये राजा गेलाच. म्हणजे राजाविरुद्ध उठलेल्यांची आठवण त्या पाटीवर आहे, हे मुलांना सांगितलं तर त्यांना तो रस्ता किती वेगळा वाटेल.

मळ्याचं म्हणाल तर टेकडीच्या उतारावर मारुतीचं देऊळ, त्याची जत्रा आली की खाज्याची दुकानं, फुगे, भजन, मराठी नाटक. आमच्या चाळीतल्या आंटी जत्रेचं खाजं मागून न्यायच्या आणि नाताळात आमच्याकडे दोदोल आणि नेवऱ्यांचं ताट यायचं, चवथीला आमच्या करंज्या त्यांच्याकडे. फोंताइन्हास कुठे संपतं आणि मळा कुठे सुरू होतो हे आम्हाला लहानपणी खरंच माहीत नव्हतं, एकच वाडा होता तो.

आणि पाणी. मळा सखल, एका बाजूला टेकडी, दुसऱ्या बाजूला ओरेमची खाडी. मोठा पाऊस आणि भरती एकत्र आली की टेकडीवरून उतरलेलं पाणी खाडीत जात नाही, घरात येतं. पूर्वी पाणी साठायला मोकळी पाणथळ जागा होती, ती भरत भरत गेली. आईने तांदळाचा डबा कायम माळ्यावर ठेवला, अजून माझ्या ताळगावच्या फ्लॅटमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, मी तांदूळ वरच्या फळीवर ठेवते. झऱ्यांच्या नावाच्या वाड्यात पाण्याचा हिशोब कोण ठेवणार, हा प्रश्न तुमच्या पेपरने विचारायला हवा, भिंतींचे रंग सगळे विचारतातच.

फोटोंबद्दल पण लिहायचंच होतं. लोकांनी दारावर "फोटो काढू नका" अशा पाट्या लावल्यात त्या चिडून नाही, थकून लावल्यात. सकाळी आठला आपल्याच पायरीवर कोणीतरी अनोळखी माणूस गाऊन घालून पोझ देत बसलेला, आत आजारी माणूस, कपडे वाळत घालायची पण सोय नाही. लग्नाआधीची शूटिंग करणाऱ्यांनी निदान दार वाजवून विचारावं.

माझी विनंती एवढीच, पुढच्या वेळी तुमचा वार्ताहर येईल तेव्हा त्याला झऱ्यापासून चालायला लावा. फोंत फेनिक्स, मारुतीचं देऊळ, मग रस्ता ओलांडून रुअ द नाताल, चॅपेल, शेवटी खाडी. अर्ध्या तासाची वाट आहे. वाटेत ऐंशीच्या पुढचे चार-पाच जण अजून बालकांवात बसलेले भेटतील, त्यांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून घ्या, या वर्षीच घ्या.

आपली,
एक वाचक, ताळगाव (माहेर मळा, पणजी)