वरच्या काकूंना, फार उशिरा

काकू, सा. न. वि. वि.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण आपलं भांडणही सगळ्या बोळाला ऐकू जायचं.

आम्ही तळमजल्यावर, तुम्ही दुसऱ्या. तुमच्या कुंड्यांचं पाणी आमच्या कुरडयांवर, आणि आमची मोटर सुरू झाली की तुमच्या नळाला करंगळीएवढी धार. एवढ्यावरून दोन वर्षं बोलणं बंद. जिन्यात समोर आलात की आई चप्पल शोधत असल्यासारखं करायची.

मग ऑगस्ट २०१९. सांगलीच्या गावभागात सगळे २००५ च्या खुणेवर विसंबून होते. त्या वर्षी पाणी आमच्या दुसऱ्या पायरीला लागून परत गेलं होतं, म्हणून बाबांनी सामान कॉटवर चढवलं आणि निवांत झोपले. कृष्णेनं यंदा ती खूण मोजलीच नाही. इर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ वर. पहाटे कॉटखाली चपला तरंगत होत्या आणि जिन्यातून तुमचा आवाज आला, "आजींना आधी वर आणा. भांडण नंतर."

घाईत आईनं दागिन्यांचा समजून मेतकुटाचा डबा उचलला. बाबा भडकले. तुम्ही तो डबा उघडून वास घेतलात, म्हणालात, "चार दिवस निघतील." निघालेही. नऊ माणसं, पागोळ्यांचं उकळलेलं पाणी, मऊ भात आणि मेतकूट.

मी दहावीत होते, घाबरले की नखं खाणारी. दुसऱ्या दिवशी तुम्ही भाचीच्या कपाटातून एक इंग्रजी पुस्तक काढून माझ्या हातात ठेवलंत. "दिवसा वाच, रात्री आम्हाला मराठीत सांग. हातांना काम मिळेल." सुझान कॉलिन्स यांचं 'द हंगर गेम्स', २००८ सालचं. तुम्ही ते वाचलेलं नव्हतं. वरचं म्हणून हाताला लागलं, असं नंतर कबूल केलंत.

मेणबत्ती वाचवायची म्हणून अंधारातच सांगायचे मी. पॅनेम नावाचा देश, बारा जिल्हे. दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून १२ ते १८ वर्षांचा एक मुलगा, एक मुलगी चिठ्ठी टाकून काढायची. चोवीस पोरं रानात सोडायची, उरेल तो एक, आणि हे सगळं टीव्हीवर. घरात खायला नसेल तर जास्तीचं धान्य नि तेल मिळतं, पण त्या बदल्यात आपल्या नावाच्या जास्तीच्या चिठ्ठ्या पडतात. सोळा वर्षांच्या कॅटनिसच्या अशा जास्तीच्या धरून वीस चिठ्ठ्या होत्या. तुम्ही अंधारातून म्हणालात, "म्हणजे रेशनकार्डावर मरण." काकू, मी पुढे या पुस्तकावर बरंच वाचलं. याच्याहून नेमकं कुणी बोललेलं मला सापडलं नाही.

एकीकडे स्पर्धेचा कार्यक्रम आणि दुसरीकडे इराक युद्धाची दृश्यं, अशी टीव्हीची चॅनेल बदलताना कॉलिन्सबाईंना ही गोष्ट सुचली, हेही नंतर कळलं. तेव्हा मला फक्त मुंबईच्या मावशीचा फोन आठवला, "अगं, टीव्हीवर तुमचा पूल दाखवतायत, काय दिसतंय!" त्या एका वाक्यासाठी बाबांनी फोनची शेवटची दोन टक्के बॅटरी घालवली होती.

तुम्हाला रू आवडली. दुसऱ्या जिल्ह्यातून त्याच खेळात आलेली, बारा वर्षांची, झाडावरून झाडावर जाणारी. कॅटनिस फांदीवर अडकलेली असते, खाली मारेकरी बसलेले, आणि ही पोर नुसत्या बोटानं वर टांगलेलं गांधीलमाश्यांचं पोळं दाखवते. नंतर पाला चावून डंखांवर लावते. कॅटनिसकडे एक चष्मा असतो, ती त्याला उन्हाचा समजत असते. तो रात्री दिसण्यासाठी असतो, हे रूला ठाऊक, कारण तिच्या जिल्ह्यात रात्री फळं तोडायला तोच देतात. तुम्ही लगेच आईला म्हणालात, "तुमचं मेतकूट." आई हसली. दोन वर्षांत पहिल्यांदा तुमच्या बोलण्यावर.

आणि ती तंगडी. शिकारीच्या पाखराची अख्खी तंगडी कॅटनिस तिला देते, तेव्हा रू सांगते की एक अख्खी तंगडी एकटीला कधी मिळालीच नव्हती. जिच्या गावात देशाचं अन्न पिकतं तिला! तिथे पिकातलं खाल्लं तर चाबूक. यावर कुणीच बोललं नाही. थोड्या वेळानं तुम्ही स्वयंपाकघरात गेलात नि लपवून ठेवलेला गुळाचा खडा आजींच्या हातावर ठेवलात.

रू मरते तेव्हा कॅटनिस तिला फुलांनी झाकते. "हां, एवढं केलं ते बरं केलं," असं म्हणून तुम्ही नाक पुसलंत आणि पावसाला शिव्या दिल्यात.

मला मात्र त्या पुस्तकातली पावाची गोष्ट टोचत राहिली. अकरा वर्षांची कॅटनिस उपाशी, पावसात. बेकरीवाल्याचा पोरगा पीटा, जो पुढे तिच्याच जिल्ह्यातून तिच्याबरोबर खेळात जातो, मुद्दाम पाव करपवतो, आईचा मार खातो आणि ते पाव तिच्याकडे फेकतो. वर्षानुवर्षं ती त्याला 'थँक यू' म्हणत नाही. उपकार अंगावर घ्यायचा तिला तिटकारा असतो. आमचं घर नेमकं तसंच, काकू. चौथ्या दिवशी आजींच्या बीपीच्या गोळ्या संपल्या, बोट आली, आम्ही उतरलो. पाणी ओसरल्यावर त्या खोलीत परत राहायला गेलोच नाही, विश्रामबागला भाड्यानं घर घेतलं. बाबा म्हणायचे, "जाऊ एकदा, काहीतरी घेऊन जाऊ." काय न्यावं हेच ठरेना, आणि रिकाम्या हातानं जायची लाज. त्यात वर्षं गेली.

म्हणून आत्ता, रिकाम्या हातानं: काकू, आभार. जिन्यातल्या त्या हाकेचे आणि गुळाच्या खड्याचे. बाबांना एका शब्दानंही मोटर न आठवून दिल्याचे तर सगळ्यात जास्त, कारण ते तुम्हाला किती जड गेलं असेल हे मी ओळखते.

भाचीचं पुस्तक चुकून माझ्या दप्तरातच राहिलं. मागचं पुठ्ठं फुगलंय, आतली पानं ठीक आहेत. बोटीत पाय टाकताना तुम्ही वरून ओरडून विचारलं होतंत, "अगं, त्या दोघांचं काय झालं?" तेव्हा गोष्ट अशा ठिकाणी होती की एका जिल्ह्याची दोघं जिंकू शकतात असा नियम आधी केला, आणि दोघंच उरल्यावर मागे घेतला. "शब्द देऊन फिरवला?" म्हणून तुम्ही चिडला होतात.

दिवाळीत येतेय. मेतकूट आईनं केलंय. उरलेलं तेव्हा सांगते. तुम्ही मधल्या काळात कुणाकडून ऐकलं असेल, तरी ऐकलं नाही असं म्हणा.

तुमची,
खालची मुलगी