लोणचं कुठाय यात?

वकीलकाका, सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, आंबा संपेपर्यंत मान वर करायला फुरसत नव्हती.

शिमग्याला तुम्ही गावी आलात तेव्हा मी आपल्या मालाच्या नावाच्या ट्रेडमार्कच्या अर्जाचा कागद नाचवत पेढे घेऊन आले होते. तुम्ही चष्मा लावून कागद वाचलात आणि पेढा हातात तसाच धरून विचारलंत, "लोणचं कुठाय यात?"

लोणचं नव्हतंच. अर्ज भरून देणाऱ्याने "खायच्या वस्तू ना, मग ३०" म्हणत मालाचा एकच वर्ग टाकला होता, आणि मीही न वाचता सही ठोकली होती.

मग तुम्ही घरात जे जे बनतं ते सगळं ओटीवर आणायला लावलंत आणि खडूने चार चौकोन आखलेत. आंबावडी आणि कुळथाचं पीठ ३० मध्ये बसलं. लोणचं, आमरसाचे डबे, आंबापोळी २९ मध्ये. पन्ह्याच्या आणि कोकम सरबताच्या बाटल्या ३२ मध्ये. आणि पेटीतला ताजा हापूस गेला ३१ मध्ये, जिथे जिवंत गुरं आणि त्यांचा चाराही बसतो! सासूबाईंना ते अजून पचलेलं नाही. पानात शेजारी वाढतो ती चटणी ३० आणि लोणचं २९, हे ऐकल्यावर तर त्या उठूनच गेल्या. नीस नावाच्या फ्रेंच शहरात १९५७ साली झालेल्या कराराची ही वर्गवारी, १ ते ३४ माल आणि ३५ ते ४५ सेवा, हे तुम्ही सांगत होतात तेव्हा त्या आतून भांडी आपटत होत्या.

दिलेल्या अर्जातून माल वगळता येतो, नवा घुसडता येत नाही, म्हणून दुसरा अर्ज आला. वर्गामागे ४,५०० रुपये. मी ३१ गाळू म्हणाले, तर तुमचा एकच प्रश्न: "पेटीवर नाव छापतेस ना?" भरले मग उरलेल्या तीन वर्गांचे १३,५००. पण हायवेवरच्या स्टॉलसाठी मी ३५ घ्यायला निघाले होते, तेव्हा "स्वतःचाच माल विकतेस, ती दुसऱ्याला दिलेली सेवा कशी?" म्हणून तुम्हीच अडवलंत. होमस्टेचा ४३ही होमस्टे निघेल तेव्हा. तिथे माझे ९,००० वाचले. आणि वर्ग वेगळा म्हणून कुणी आपलं नाव बिनधास्त उचलू शकतो असं नाही, माल किती जवळचा आहे तेही बघतात, हे ऐकून त्या रात्री मला झोप लागली.

लेबलांचं मात्र माझंच चुकलं. नोंदणी व्हायच्या आधीच हौसेने वर्तुळातला आर, म्हणजे नोंदणी झाल्याची खूण, छापून मोकळी झाले होते. त्यापायी दंडही होऊ शकतो हे मला कुठलं ठाऊक! नोंदणी होईतोवर फक्त टीएम, म्हणजे नुसतं ट्रेडमार्क, असं तुम्ही बजावलंत. मी आणि लेकीने दोन संध्याकाळी बसून काळ्या पेनाने एकेक वर्तुळ बुजवलं.

फी म्हणून तुम्ही एक बरणी लोणचं मागितलं होतंत. दोन पाठवतेय. झाकणावर काळा ठिपका आहे ती तुमची. दुसरी काकूंची, तिच्यात मीठ कमी आहे.

तुमची,
खालच्या वाडीतली सून