दिवाळीचा फराळ आणि घाईची लघवी: नागपूरच्या मावशीला पत्र

लीड्स
दिवाळीच्या तीन आठवडे आधी

ती. मावशीस साष्टांग नमस्कार,

यंदा चिवडा नको, संत्राबर्फी नको आणि भाऊबीजेला अमरावतीलाही जाणार नाही, असं तू फोनवर म्हणालीस. लघवीची घाई होते म्हणून सण सोडू नकोस. तुझ्या लघवीच्या पिशवीला नेमकं काय चिडवतं ते दिवाळीआधी शोधून काढू. त्याला तीन आठवडे पुरतात.

त्याआधी लघवीची साधी तपासणी, कल्चर (जंतू आहेत का ते बघायला) आणि रक्तातली साखर एवढं करून घे. आग होत असेल, ताप असेल, लघवीला रक्त असेल किंवा भरून आल्यासारखं वाटूनही होत नसेल, तर पुढचं काही करत बसू नकोस, डॉक्टरांकडे जा. आपल्याकडे लघवीची प्रत्येक तक्रार ‘उन्हाळी लागली’ म्हणून धण्याच्या पाण्यावर काढतात. पण आग होणं वेगळं आणि आग नसताना घाई होणं वेगळं. घाईत तांब्याभर धण्याचं पाणी प्यायलं की फेऱ्या वाढतातच. कुणी क्रॅनबेरीचा रस सुचवला तर तोही नको, तो आंबट असतो.

मोठ्या माणसाची पिशवी साधारण ४०० ते ५०० मिली धरते आणि पहिली जाणीव १५०-२०० मिलीला होते. घाई होणाऱ्यांत पिशवीचा स्नायू त्याआधीच आवळतो. चहा-कॉफीतलं कॅफीन त्या स्नायूला उचकवतं आणि लघवीही वाढवतं. मिरचीची आग, आंबट फळं, टोमॅटो, सोड्याची पेयं आणि शुगर-फ्री गोळ्या यांनीही अनेकांना घाई वाढते. पण सगळ्यांना सगळं बाधत नाही. अनेकांचे मोजकेच पदार्थ निघतात, म्हणून दुसऱ्याची यादी बघून सगळंच बंद करणं मला पटत नाही.

पहिले तीन दिवस काही बदलू नकोस, फक्त वहीत लिही: किती वाजता काय आणि किती प्यायलीस, मापाच्या मगात किती मिली झाली, घाई किती (० ते ३), कपडे ओले झाले का. चौथ्या दिवसापासून मिरची, आंबट, टोमॅटो, सोडा आणि चॉकलेट बंद. चहा मात्र रोज एकेक कपाने कमी कर, एकदम सोडलास तर डोकं ठणकेल. बाराव्या दिवसापासून एकेक पदार्थ परत आण, प्रत्येकाला तीन दिवस. संत्रं असेल तर पहिल्या दिवशी दोन फोडी, दुसऱ्या दिवशी अर्धं, तिसऱ्या दिवशी एक. घाई वाढली तर थांब, वहीतले आकडे पूर्ववत झाले की मगच पुढचा पदार्थ. दोन पदार्थ एकाच दिवशी आणलेस तर दोष कुणाचा ते कळत नाही, इथेच बहुतेकांचं चुकतं. तुला सगळ्यात प्रिय काय, त्यावरून क्रम ठरव. मला वाटतं चहा, मग संत्रं, मग चिवड्यातली मिरची.

पाणी तोडू नकोस. बाहेर जायचं म्हणून सकाळपासून कोरडं राहायची तुझी सवय मला ठाऊक आहे. पाणी कमी पडलं की लघवी गडद होते, तीच पिशवीला टोचते आणि घाई वाढते. हृदयासाठी किंवा किडनीसाठी डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं नसेल, तर दिवसाला दीड ते पावणेदोन लिटर घे, तेही तासातासाने अर्धा पेला. रंग फिकट पिवळा दिसला की पुरे.

आता फराळ. चिवड्यात पोहे, शेंगदाणे, डाळवं, खोबऱ्याचे काप यांनी सहसा काही होत नाही. त्रास मिरची, लिंबूफूल आणि मीठ यांचा. विकतच्या चिवड्यात लिंबूफूल बरेचदा असतं, म्हणून तुझ्यापुरता अर्धा किलो पातळ पोह्यांचा घरीच कर. दोनच मिरच्या उभ्या चिरून तेलात परत आणि काढून टाक. आंबटाऐवजी एक चमचा जाडसर कुटलेले धणे, एक चमचा बडीशेप आणि दोन चमचे पिठीसाखर घाल. मीठ नेहमीच्या पाऊण, आणि पोहे कुरकुरीत झाल्यावरच, आधी घातलं की ते चामट होतात. कढीपत्ता तेलात पूर्ण कोरडा होईपर्यंत परत, नाहीतर डबा चार दिवसांत सादळतो. चकलीच्या भाजणीत तिखटाऐवजी तीळ आणि ओवा वाढव. सांबारवडीतल्या सांबाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, दोष नसतो, चिंच आणि हिरवी मिरची काढलीस की ती चालून जाईल.

पोह्यांवरची तर्री आणि सावजी रस्सा यांना एकच युक्ती. मिरचीतली आग तेलात उतरते, म्हणून वरचा लाल तवंग डावाने काढून टाक आणि खालचा रस्सा थोडा घे. त्यात पाणी ओतून काही साधत नाही, आग तेलातच राहते.

करंजी, अनारसे, शंकरपाळे, रव्याचा लाडू हे पिशवीच्या दृष्टीने सौम्य. (तुझी साखर वाढलेली निघाली तर मात्र हिशेब वेगळा, कारण साखर चढली की लघवी आपोआपच जास्त होते.) संत्राबर्फीला मी संत्रंच समजते. दिवाळीत आंबिया बहराची संत्री बाजारात असतात, तेव्हा रसाचा पेला टाळ. एका पेल्यात तीन-चार संत्री जातात. जेवणानंतर दोन-तीन फोडी किंवा बर्फीचा एक लहान तुकडा, आणि वर पाणी. आंबटपणा मारायला खायचा सोडा घेऊ नकोस, त्यात सोडियम असतं आणि तुला बीपी आहे. काकांना सांग, शुगर-फ्री मिठाईचा डबा माझ्यापुढे ठेवू नका. तुझ्यासाठी ती साध्या मिठाईपेक्षा वाईट ठरू शकते. पाहुण्यांबरोबर चहा घ्यावाच लागला तर सकाळी अर्धा कप, आणि संध्याकाळी गवती चहाचा काढा किंवा केशर घातलेलं दूध.

फराळाची वेळ सकाळी अकरा ते दुपारी चार ठेव. रात्री खारट खाल्लं की तहान लागते, आणि शरीर ते मीठ रात्रीच बाहेर काढतं, मग दोनदा-तीनदा उठणं आलं. साडेदहाला झोपतेस तर शेवटचा पेला आठच्या आत. पायांवर सूज असेल तर दुपारी तासभर पाय उशीवर ठेव, म्हणजे ते पाणी दिवसाच निघून जाईल. बेसन-मैद्याने पोट जड होतं आणि भरलेलं आतडं पिशवीवर दाब देतं, म्हणून रोज ज्वारीची भाकरी, दुधी आणि एक केळं चुकवू नकोस.

घाई आली की धावू नकोस. अभ्यंगस्नानाच्या पहाटे थंडी आणि नळाचं पाणी दोन्ही मिळून ती येणारच. जागच्या जागी बस किंवा उभी राहा, लघवी अडवताना जे स्नायू आवळतात ते पाच-सहा वेळा भराभर आवळून सोड, पोट आणि मांड्या सैल ठेव, श्वास रोखू नकोस. लाट ओसरली की मग सावकाश चालत जा. धावताना पिशवी हलते, पोटावर ताण येतो आणि दाराशीच ओलं होतं. ‘असू दे, जाऊन येते’ म्हणून घाई नसताना जाणं बंद कर, त्याने पिशवीला थोड्यातच रिकामं व्हायची सवय लागते. दोन फेऱ्यांतलं अंतर दर आठवड्याला १५ मिनिटांनी वाढव. याला निदान सहा आठवडे लागतात. स्नायूंचा रोजचा व्यायाम, आठ-आठ वेळा तीनदा, याला तीन महिने. दिवाळीपर्यंत पूर्ण फरक दिसला नाही म्हणून सोडू नकोस.

अमरावतीचा रस्ता साधारण दीडशे किलोमीटर, तीन तास. निघण्याआधी मात्र घाई नसली तरी जाऊन ये, प्रवासापुरता तेवढा अपवाद, दोन मिनिटं थांबून पुन्हा एकदा बस. चहा निघण्याच्या दोन तास आधीच आटोप, गाडीत पाण्याचे घोट घेत राहा. वाटेत कोंढाळीला गाडी थांबवायची हे काकांना आधीच सांगून ठेव, मनातली ‘आता कुठे जागा मिळेल’ ही धास्तीच निम्मी घाई आणते. कोंढाळीला सगळे चहा घेतील, तू मात्र घेऊ नकोस.

तीन दिवसांची वही झाली की पानांचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठव. बीपीची गोळी कोणती आणि किती वाजता घेतेस तेही लिही. ती लघवी वाढवणारी असेल तर वेळ बदलता येते का ते डॉक्टरांना विचारू. तू आपल्या मनाने बदलू नकोस.

काकांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
भाची