‘मास्टर’ म्हणजे नुसते प्रभुत्व नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंग्रजी ‘मास्टर’ या शब्दाचे भाषांतर सरसकट ‘प्रभुत्व’ असे केले जाते, तिथेच घोटाळा होतो. शब्द लॅटिन ‘मॅजिस्टर’वरून आला, त्याच्या मुळाशी ‘मॅगिस’ म्हणजे ‘अधिक’. (गंमत म्हणजे ‘मिनिस्टर’ हा ‘मायनस’च्या कुळातला, मूळ अर्थ सेवक!) मालक, शिक्षक आणि निष्णात कारागीर हे तिन्ही अर्थ त्यात नांदतात. मराठीने त्यातला शिक्षक उचलून ‘मास्तर’ केला, तर पोस्टमास्तर आणि स्टेशनमास्तर यांत अधिकारी राहिला.

क्रियापद म्हणून वापरताना चूक हमखास होते. ‘प्रभुत्व मिळवणे’ला मराठीत ‘वर’ लागतो, म्हणून लोक ‘मास्टर’पुढे ‘ऑन’ किंवा ‘ओव्हर’ जोडतात. ते नको, कर्म थेट येते: ‘शी मास्टर्ड द व्हायोलिन’. ‘मास्टरी’ या नामाला मात्र शब्दयोगी लागतो. कौशल्य सांगायचे तर ‘ऑफ’, ताबा सांगायचा तर ‘ओव्हर’. ‘मास्टरली’ म्हणजे कसबी. ‘मास्टरफुल’मध्ये हुकमतीची छटाही येते, म्हणून उत्तम निबंधाला ‘मास्टरली’च शोभते.

‘मास्टर की’त कौशल्य नाही, सगळी कुलपे उघडण्याची सत्ता आहे. ‘मास्टर कॉपी’ म्हणजे जिच्यावरून बाकीच्या प्रती निघतात ती मूळ प्रत. मालक-गुलाम हा अर्थ बोचतो म्हणून गिटहब या सॉफ्टवेअरचा कोड ठेवण्याच्या संकेतस्थळाने 2020 मध्ये नव्या प्रकल्पांच्या मुख्य शाखेचे (म्हणजे कोडच्या मुख्य आवृत्तीचे) ‘मास्टर’ हे नाव बदलून ‘मेन’ केले. बुद्धिबळातल्या ‘ग्रँडमास्टर’ला कुणी हात लावलेला नाही, कारण तिथे अर्थ निव्वळ कसबाचा आहे.

– एक भाषाशिक्षक