ताजमहाल नाही, त्या पुलाचे खांब घारापुरीचे आहेत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत इंग्लंडमधल्या सेझिनकोट हाऊसवर लेख आला होता तो मी दोनदा वाचला. मराठी पेपरात या घराबद्दल कोणीतरी लिहिलं याचा खरंच आनंद झाला, पण अख्खा लेख 'इंग्लंडमधला छोटा ताजमहाल' एवढ्यावरच काढलाय ते मनाला लागलं, म्हणून हे पत्र. मी मूळची उरणची. लेक ऑक्सफर्डला असते, तिच्याकडे गेले होते तेव्हा आम्ही ट्रेनने मोरटन-इन-मार्शला उतरून हे घर बघायला गेलो होतो.

पहिलं म्हणजे ते कुठल्याच एका इमारतीची नक्कल नाही. ताज पांढऱ्या संगमरवराचा आणि शेवटी ती कबर, हे राहतं घर आणि दगड कॉट्सवोल्ड भागातलाच, नारिंगी झाक असलेला. वर तांब्याचा कांद्याच्या आकाराचा घुमट, तो आता हिरवा पडलाय, कोपऱ्यांवर छत्र्या म्हणजे खांबांवरच्या छोट्या घुमट्या, खिडक्यांवरच्या कमानी मोराच्या पिसाऱ्यासारख्या उलगडलेल्या आणि छपराखाली दगडी ब्रॅकेटवर पेललेला असा रुंद छज्जा की आपल्याकडे तो ऊन आणि पाऊस दोन्ही अडवण्यासाठी काढतात हे क्षणभर विसरायला होतं, कारण तिथे ऊन एवढं तिरकं आणि कोवळं असतं की मला त्याची सावली शोधावी लागली. एका बाजूला वळत गेलेली काचेची लांब गॅलरी आहे, संत्र्याची झाडं थंडीत जगवायला. आणि आत पाऊल टाकलं की हिंदुस्थान संपला, जिना, खोल्या सगळं ग्रीक-रोमन वळणाचं. लेखात आतल्या भागाबद्दल एक ओळसुद्धा नाही, खरं तर हे बाहेर एक आणि आत एक असणं हेच या घराचं सगळ्यात विलक्षण अंग आहे असं मला वाटतं.

हे घर तिघा कॉकरेल भावांचं म्हणायला हवं. कर्नल जॉनने १७९५ मध्ये इस्टेट घेतली, तो १७९८ ला गेला, मग ती आली चार्ल्सकडे. तो ईस्ट इंडिया कंपनीत कलकत्त्याला राहून पैसा कमावलेला माणूस, आणि १८०५ च्या सुमारास घर उभं केलं ते तिसऱ्या भावाने, सॅम्युअल पेपिस कॉकरेलने, जो आर्किटेक्ट होता पण हिंदुस्थानात कधीच आला नव्हता. मग त्याला छज्जा आणि छत्री कळली कशी? तर चित्रांवरून! थॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम हे इंग्रज चित्रकार वर्षानुवर्षं आपल्या देशात फिरले होते, त्यांनी १४४ चित्रं छापली, आणि थॉमस स्वतः सेझिनकोटच्या बागेच्या कामात होता. वेल्सचा राजपुत्र १८०७ मध्ये हे घर बघून गेला, पुढे ब्रायटनला त्याने जो पॅव्हेलियन, म्हणजे हिंदुस्थानी घुमटांचा महाल, उठवला त्यामागे ही भेट असल्याचं सांगतात. याच आर्किटेक्टने जवळच डेल्सफर्डला वॉरन हेस्टिंग्जसाठीही घर बांधलं होतं, म्हणजे मराठे आणि इंग्रजांमधल्या सालबाईच्या तहाच्या वेळचा गव्हर्नर जनरल तो हाच.

आता बागेकडे येते, कारण माझं खरं म्हणणं तिथेच आहे. ओढ्यावर एक पूल आहे, कठड्यावर नंदी बसलेत. वरच्या अंगाला सूर्याचं छोटं देऊळ आणि खाली तीन फण्यांचा नाग. लेक वर फोटो काढत होती आणि मी पुलाखाली गेले, तिथे पाण्यात पाय ठेवायला दगड टाकलेत आणि बसायला जागा आहे. मान वर करून खांब बघितले आणि अंगावर काटा आला. आमच्या मोरा बंदरावरून समोर घारापुरी दिसते, लहानपणी बाबा आम्हाला होडीने लेण्यात न्यायचे, तिथले खांब खाली चौकोनी, वर गोल, त्यावर उभ्या पन्हळी आणि डोक्यावर दाबलेल्या उशीसारखा भाग, मी ते हाताने चाचपलेत. या पुलाचे खांब त्या लेण्यावरून घेतलेत ही काही माझी कल्पना नाही, बागेची माहिती देणारेसुद्धा तेच सांगतात, पण मी ते ऐकायच्या आधी ओळखलं होतं.

आणि ही काही ओढूनताणून लावलेली जवळीक नाही. डॅनियल मंडळी १७९३ मध्ये मुंबईला आली तेव्हा जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराबरोबर त्यांनी लेणी बघितली. हाच वेल्स पुण्यात सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी शिंदे यांची चित्रं काढणारा, आणि पुण्याचा चित्रकार गंगाराम तांबट त्याच्या हाताखाली काम केलेला. वेल्स १७९५ मध्ये वारला तेव्हा त्याची वेरूळची चित्रं थॉमस डॅनियलनेच पुढे छापून आणली. हे सगळं सोडून नुसतं 'मुघल शैली' लिहिलं की आपलीच माणसं त्यातून पुसली जातात हो, देवळाचे खांब, नंदी, सूर्य यात मुघल काय आहे?

आणखी एक दुरुस्ती. 'सरकारने ताब्यात घेऊन जतन केलेलं' असं छापलंय ते चूक आहे. घर खाजगी आहे, तिथे कुटुंब राहतं, उन्हाळ्यात ठरावीक दिवशी बघू देतात. ते ग्रेड वन लिस्टेड आहे, जपायच्या इमारतींच्या सरकारी यादीत सगळ्यात वरच्या दर्जाचं, म्हणजे मालक मालकच राहतो पण घराचं रूप बदलेल असं काम बाहेर करा नाहीतर आत, आधी परवानगी, आणि विनापरवाना केलं तर तो गुन्हा. तिथेही हे उगीच आलेलं नाही, विसाव्या शतकात अशी शेकडो घरं पाडली गेली, १९७४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये त्या पाडलेल्या घरांचं प्रदर्शन भरलं तेव्हा लोक हादरले होते.

पुलाखालून काढलेले माझे दोन फोटो सोबत पाठवतेय. त्यातला एक तरी छापा, आणि खाली ओळ टाकाल त्यात 'एलिफंटा'च्या आधी 'घारापुरी' लिहा एवढी विनंती.

आपली,
उरणची एक वाचक