तरवडीच्या संपादकाची आठवण

महोदय,

कृषी पत्रकारितेचा इतिहास सांगताना आपण बहुधा पुण्या-मुंबईपासून सुरुवात करतो. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या नेवासे तालुक्यातील तरवडीचे नाव क्वचितच निघते. मुकुंदराव पाटील यांनी 1910 साली ‘दीनमित्र’ साप्ताहिक काढले आणि पुढे अर्धशतकाहून अधिक काळ ते चालवले, तेही तरवडीसारख्या खेड्यातून! खिळे जुळवणे, छपाई, अंक टपालात टाकणे, हे सारे जिथे लिहिते-वाचते लोकच मोजके होते अशा मुलखात. गावात एकाने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे, असा तो काळ.

‘दीनबंधु’ हे सत्यशोधक चळवळीचे पत्र काढणारे कृष्णराव भालेकर हे त्यांचे जन्मदाते, त्यामुळे सत्यशोधकी बाणा घरचाच. पण मुकुंदरावांचे वेगळेपण मला दिसते ते विषयाच्या निवडीत. पीक कसे वाढवावे एवढ्यावर न थांबता, आलेले पीक कोणाच्या घशात जाते हे त्यांनी विचारले. सावकाराचे व्याज, गावाचा हिशेब ठेवणाऱ्या कुलकर्ण्याचे दप्तर, भटाभिक्षुकांची दक्षिणा, काहीच सोडले नाही. ‘कुलकर्णी लीलामृत’ तर त्यांनी चक्क पोथीच्या थाटात, ओव्यांत लिहिले. पोथी ऐकायची सवय असलेल्या गावाला हे अचूक कळणार, ही त्यांची जाण. (भाषा काही ठिकाणी फार बोचरी आहे, हेही खरे.)

आज शेतीच्या पानावर बाजारभाव आणि फवारणीचे सल्ले भरपूर असतात. कर्जाच्या कागदावर नेमके काय लिहिले आहे, हे मात्र कमीच छापून येते. पत्रकारितेच्या अभ्यासक्रमात ‘दीनमित्र’चे निवडक अंक लावावेत, अशी विद्यापीठांना विनंती.

— एक शेतकरी वाचक