खोली मोजणं म्हणजे नुसती दोरी सोडणं नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीत महासागरांच्या नकाशांवरचा लेख वाचला. मॅगेलन आणि कुकच्या सफरींना आपण दोन पानं दिलीत. समुद्राची खोली कशी मोजली याला मात्र एकच वाक्य: पूर्वी दोरीला वजन बांधून सोडत, तळ लागला की खोली कळे, आता उपग्रहांनी सगळा तळ मोजून झालाय. यातलं एकही अर्धं बरोबर नाही.

उथळ पाण्यात सुमारे तीन ते साडेसहा किलोची शिशाची लांबट कांडी वापरत. तिच्या बुडाशी खळगा, त्यात चरबी. चरबीला वाळू, चिखल, शिंपल्यांचा चुरा चिकटून वर येई. काहीच न चिकटता नुसता वळ उमटला तर खाली खडक. नांगर कुठे धरेल हे त्यावरून ठरे. दोरावर वावांच्या खुणा असत, एक वाव म्हणजे सहा फूट. दोन आणि तीन वावांवर चामड्याच्या तितक्याच पट्ट्या, पाचावर पांढरं कापड, सातावर लाल, दहावर भोक पाडलेलं चामडं, तेरावर निळं. कापडांचा पोतही वेगवेगळा, कारण रात्री ती बोटांनीच ओळखायची. कोरा दोर भिजला की आखडतो, म्हणून आधी भिजवून, ताणून मगच खुणा करायच्या. जहाज चालतं असेल तर शिसं पुढे भिरकावायचं आणि जहाज त्याच्या डोक्यावर आलं, दोर उभा झाला, की वाचायचं. तिरका दोर खोली जास्त दाखवतो, आणि अशा आकड्यावर विसंबलेलं जहाज खडकावर जातं.

एवढं करूनही तो आकडा नकाशावर जात नाही. मोजलं कुठे हे ठरवायला किनाऱ्यावरच्या तीन खुणांमधले दोन कोन त्याच क्षणी सेक्स्टंट या कोनमापकाने घ्यावे लागत. तिन्ही खुणा आणि होडी एकाच वर्तुळावर आल्या तर जागा ठरतच नाही, दुसऱ्या खुणा शोधाव्या लागतात. शिवाय भरती वजा करायची. मुंबईत उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं. मोजणीची वेळ आणि किनाऱ्यावरच्या भरतीपट्टीवर तेव्हा दिसलेली पाण्याची पातळी नोंदवली नसेल तर सकाळचा आकडा दुपारी खोटा ठरतो.

खोल समुद्रात तर शिसं तळाला लागल्याचा धक्काच हाताला कळत नाही. प्रवाह दोर ओढत राहतो आणि तो सुटतच जातो. १८५२ साली दक्षिण अटलांटिकमध्ये 'हेरल्ड' जहाजाने ७,७०६ वाव खोली नोंदवली, म्हणजे १४ किलोमीटर. इतका खोल समुद्र पृथ्वीवर कुठेच नाही! पुढे शंभर-शंभर वाव दोर जायला किती वेळ लागतो हे घड्याळावर लिहायला लागले. वेळ एकदम वाढला की तळ आला. वजन तळाशीच सुटून पडेल अशी सोयही झाली, नाहीतर वर ओढताना दोर तुटे. याच पद्धतीने 'चॅलेंजर' या जहाजाला मार्च १८७५ मध्ये पॅसिफिकमधल्या मारियाना गर्तेजवळ ४,४७५ वाव मिळाले.

आता उपग्रह. रडार पाण्यातून तळापर्यंत पोहोचत नाही. उपग्रह मोजतो तो समुद्राचा पृष्ठभाग. तळावरच्या दोन हजार मीटर उंच डोंगराच्या ओढीने वरचं पाणी जेमतेम दोनेक मीटर फुगतं, त्यावरून तळाचा अंदाज बांधतात. काही किलोमीटरपेक्षा लहान काही त्यात दिसत नाही. जहाजावरून ध्वनिलहरींनी नीट मोजलेला तळ आजही चौथ्या हिश्श्याच्या आसपासच आहे.

आणि मुंबईच्या वर्तमानपत्राने हा विषय घेतल्यावर १८२९ ते १८३४ मधल्या तांबड्या समुद्राच्या मोजणीचा उल्लेखही असू नये? ती मोजणी ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईतल्या आरमाराच्या 'पॅलिन्युरस' आणि 'बनारस' या जहाजांनी केली. पुढे सुएझ-मुंबई आगबोटी त्याच नकाशांवर चालल्या.

जाता जाता, दर पावसाळ्यात आपल्या पहिल्या पानावर 'आज ४.८ मीटर उंच लाटा' असं छापलं जातं. त्या लाटा नव्हेत. ती भरतीची पातळी आहे, आणि नकाशावरच्या खोल्या ज्या नीचतम पाण्यापासून मोजतात त्याच शून्यापासून मोजलेली. सरासरी समुद्रपातळीच मुळात त्या शून्याच्या सुमारे अडीच मीटर वर असते. लाटांची उंची वेगळी, ती वाऱ्यावर ठरते. लोक ते वाचून मरीन ड्राइव्हवर लाटा बघायला जातात आणि वारा नसलेल्या दिवशी भरतीला हसून परततात. त्याच दिवशी जोराचा पाऊस झाला तर नाल्यांचं पाणी समुद्रात शिरत नाही आणि दादरचा सखल हिंदमाता भाग तुंबतो. कृपया 'भरतीची उंची' असं छापावं, आणि सोबत वेळ द्यावी.

— एक वाचक, माझगाव, मुंबई